पत्ते न खेळणारा खलनायक

‘यु-गि-ओ!’ या जपानी ॲनिमेशन मालिकेत पेगॅसस नावाचा एक गृहस्थ आहे. लांब चंदेरी केस, लाल सूट, समोर वाइनचा पेला आणि लाडिक बोलणं. डाव्या बाजूच्या केसांआड त्याने एक सोन्याचा डोळा लपवलेला असतो. त्या डोळ्याने त्याला समोरच्याच्या मनातलं दिसतं, म्हणजे अर्थातच त्याच्या हातातले पत्तेही दिसतात. हरलेल्याचा आत्मा तो पत्त्यात कोंडून ठेवतो. नायकाच्या आजोबांचा आत्मा त्याने व्हिडिओ कॅसेटमध्ये अडकवलेला असतो, म्हणून युगी या शाळकरी मुलाला त्याच्या बेटावर जाऊन त्याच्याशी डाव मांडावा लागतो.

काझुकी ताकाहाशी यांची ही चित्रकथा १९९६ ते २००४ या काळात ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकातून आली. तिच्यावरची मुख्य मालिका २००० ते २००४ अशी चार वर्षं टीव्ही टोकियोवर चालली, २२४ भाग. सुरुवातीला ताकाहाशींच्या डोक्यात पत्त्यांचा असा एकच खेळ नव्हता. प्रत्येक गोष्टीत नवा खेळ, नवा दुष्ट माणूस आणि शेवटी त्याला शिक्षा, असा साचा होता. त्यातला एक खेळ पत्त्यांचा निघाला, वाचकांची पत्रं आली, आणि बाकीचे खेळ मागे पडून पत्तेच उरले. पुढे कोनामी कंपनीने ते पत्ते खरोखर छापले. २०११पर्यंत २५ अब्जांहून अधिक पत्ते विकले गेल्याची नोंद आहे.

पेगॅससच्या डोळ्याबद्दल सगळे बोलतात. मला त्याच्याबद्दलची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मालिकेच्या जगात हा खेळ त्यानेच बनवलेला आहे. पत्ते छापणारी कंपनी त्याची, स्पर्धा त्याची, बेट त्याचं, नियमही त्याचे. तुम्ही त्याच्याशी खेळायला बसता तेव्हा त्याच्याच घरात, त्याच्याच पत्त्यांनी खेळता. डोळा नसता तरी तो धोकादायकच होता.

आपल्याकडे जुगारातला खलनायक म्हटलं की शकुनी. पण सभापर्वात नीट पाहिलं तर पण लावतो दुर्योधन आणि फासे टाकतो मामा. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं बरोबर नाही, अशी कुरकुर युधिष्ठिर करतोही, आणि तरी बसतो. म्हणजे शकुनी हा भाड्याचा हात. मालक मागे, हात पुढे. तरीही दोघंही सभेत हजर असतात, तोंड दिसतं, रागावता येतं. मुंबईच्या गिरणगावात पत्त्यांचा जो सर्वांत मोठा डाव, मटका, तीसेक वर्षं चालला, त्याचा मालक कधी डावावर बसलाच नाही. पत्ते त्याचे, पण खेळणारे दुसरे. तो फक्त तीन पत्ते उघडायचा.

चिंचपोकळी आणि परळ यांच्यामधलं करी रोड स्टेशन. पुलावरून पश्चिमेला उतरलं की ना. म. जोशी मार्ग, जुन्या माणसांचा डिलाईल रोड; पूर्वेला उतरलं की भारतमाता थिएटर आणि लालबाग. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारा हा मुलूख. इथल्या चाळींत पत्ते काही पाप समजले जात नसत. गोकुळाष्टमीच्या रात्री, गणपतीच्या जागरणाला गॅलरीत सतरंज्या पडायच्या आणि मेंढीकोट, पाच-तीन-दोन, झब्बू, रमी, तीन पत्ती असे डाव पहाटेपर्यंत चालायचे. पैसे लावून खेळणारेही होतेच. पण त्या डावात एक गोष्ट होती: एकाने हरलेले दहा रुपये दुसऱ्याच्या खिशात जायचे आणि दोघं एकाच मजल्यावर राहायचे. रात्रभर खेळून पैसे खोलीतल्या खोलीत फिरत. त्या रात्रीचा जिंकणारा सकाळी चहा पाजायचा. मटक्यात पैसे खोलीबाहेर जात, आणि परत येताना दर वेळी थोडे कमी होऊन येत.

मटक्याचं मूळ पत्त्यांत नाही, कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैज लावत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथले. हा नाद जुना. मुंबई इलाख्याचा १८८७चा जुगारबंदी कायदा वाचला तर त्यात कापसाच्या, अफूच्या भावातल्या आकड्यांवरची पैज येते आणि पाऊस पडेल की नाही यावरची पैजही येते. म्हणजे सरकारला शहराची नस चांगली ठाऊक होती. दिवसभर साच्यावर कापसाचं कापड विणणाऱ्या माणसाने रात्री त्याच कापसाच्या भावावर चवली-पावली लावायची, हा योगायोग गिरणगावात कुणाला विचित्र वाटला नसावा.

न्यूयॉर्कच्या आकड्याचं एक मोठं बळ होतं: तो इथल्या कुणाच्याही हातात नव्हता. पायधुणीचा शेठ असो की डिलाईल रोडचा दादा, अमेरिकेतला भाव कुणाला वाकवता येत नसे. १९६१मध्ये न्यूयॉर्कहून हे भाव येणं बंद झालं आणि धंद्याचा कणाच गेला. आता असा आकडा हवा होता की जो रोज मिळेल आणि लोकांना खरा वाटेल.

ती सोय आधी केली कल्याणजी भगत यांनी. कच्छमधल्या रताडियाचे हे गृहस्थ १९४१मध्ये मुंबईत आले, मसाले विकत फिरले, मग वरळीत किराणा दुकान चालवू लागले. कापसाच्या भावावर आकडे घेणं त्यांनी तिथेच सुरू केलं होतं. १९६२मध्ये वरळीच्या विनोद महाल या इमारतीच्या आवारातून त्यांचा स्वतःचा आकडा निघू लागला. कागदाच्या चिठ्ठ्या मातीच्या मटक्यात टाकून उचलायची पद्धत होती, त्या मटक्याचंच नाव पुढे धंद्याला चिकटलं. दोन वर्षांनी, १९६४मध्ये, रतन खत्री त्यांच्यापासून वेगळे झाले आणि त्यांनी ‘न्यू वरळी मटका’ काढला. खत्री फाळणीच्या वेळी कराचीहून आलेले सिंधी. त्यांची बैठक मुंबादेवीजवळच्या धनजी स्ट्रीटवर. कल्याणजींचा आकडा आठवड्याचे सातही दिवस निघे, खत्रींचा सोमवार ते शनिवार. रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज. चिठ्ठ्यांच्या जागी पत्त्यांचा कॅट आला तो याच काळात.

खेळ असा. राजा, राणी, गुलाम बाजूला काढले की एक्क्यापासून दश्शीपर्यंत ४० पत्ते उरतात. दश्शी म्हणजे शून्य. तीन पत्ते उचलायचे. समजा तिर्री, पंजी, छक्की आली. बेरीज १४, शेवटचा अंक ४. हा ओपन. रात्री पुन्हा तीन पत्ते: एक्का, दुर्री, नव्वी. बेरीज १२, म्हणून क्लोज २. दोन्ही मिळून जोडी ४२. सकाळी पानाच्या गादीमागच्या फळीवर खडूने ३५६-४२-१२९ एवढंच लिहिलेलं असायचं आणि ज्याला कळायचं त्याला कळायचं. पैसे लावणाऱ्याला नुसता ओपन किंवा क्लोज लावता येई, जोडी लावता येई किंवा तीन पत्त्यांची अख्खी पत्ती.

यात बनवाबनवी आहे, काही अंक जास्त येतात, असं सांगणारे तज्ज्ञ प्रत्येक नाक्यावर भेटत. मागच्या महिन्याचे आकडे वहीत लिहून ते ‘चार्ट’ काढत. पत्त्यांचं गणित मात्र त्यांना साथ देत नाही. कोणतीही पत्ती घ्या आणि तिचा प्रत्येक पत्ता एकने वाढवा, दश्शीनंतर पुन्हा एक्का. ३५६ची ४६७ होते आणि बेरजेचा शेवटचा अंक तीनने पुढे सरकून ४चा ७ होतो. असंच करत गेलं की ४, ७, ०, ३, ६, ९, २, ५, ८, १ असे दहाच्या दहा अंक एकेकदा येतात आणि मग फेरा पूर्ण होतो. म्हणजे प्रत्येक पत्ती दहा जणींच्या अशा एका कुटुंबातली असते आणि त्या कुटुंबात प्रत्येक अंकाला सारखाच वाटा. एकूण २२० पत्त्या, दर अंकाला २२. त्यातल्या १२ पत्त्यांत तिन्ही आकडे वेगळे, ९ पत्त्यांत दोन सारखे, एकीत तिन्ही सारखे. कॅट प्रामाणिकपणे पिसला असेल तर कोणताही अंक येण्याची शक्यता बरोबर दहात एक. चार्टवाल्याची वही कितीही जाड असो, त्यात फरक पडत नाही.

आता भाव पाहा. एका रुपयाला ओपन लागला तर नऊ रुपये, जोडी लागली तर नव्वद. दहात एक शक्यतेला नऊ, शंभरात एक शक्यतेला नव्वद. दोन्हीकडे लावलेल्या रुपयातले सरासरी नव्वद पैसे परत येतात आणि दहा पैसे मालकाकडे राहतात. पत्ती लावणाऱ्याचं आणखी वाईट. ४० पत्त्यांतून तीन उचलायचे ९८८० प्रकार होतात. त्या हिशोबाने तीन वेगळ्या आकड्यांची ठरावीक पत्ती साधारण १५४ वेळांत एकदा येते आणि रूढ भाव १४० आहे. इथे अजून दहा टक्क्यांच्या आतच कापणी. दोन सारख्या आकड्यांची पत्ती ४१२ वेळांत एकदा, भाव २८०. तिन्ही सारखे असलेली २४७० वेळांत एकदा, भाव ६००च्या आसपास. शेवटच्या प्रकारात रुपयामागे पंचवीस पैसेही परत येत नाहीत. ज्या पत्तीने चाळीत कुणाचं तरी नशीब उघडल्याची कहाणी दहा वर्षं सांगितली जाते, तीच पत्ती सर्वांत महाग पडते.

दहा टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. पण आकडा लावणारा माणूस जिंकलेले पैसे घरी नेत नाही, पुन्हा लावतो. शंभर रुपये दर फेरीला नव्वद टक्के होत गेले तर सरासरीने सातव्या फेरीनंतर ४८ उरतात आणि बाविसाव्या फेरीनंतर दहाही नाहीत. रोज एकच जोडी लावणाऱ्याला शंभर दिवसांत एकदाही ती न लागण्याची शक्यता तिनात एकापेक्षा जास्त आहे. ‘आता लागायलाच हवी’ या वाक्यावर कितीतरी पगार गेले. पत्त्यांना मात्र कालचा आकडा आठवत नसतो.

पेगॅससकडे जो सोन्याचा डोळा आहे त्याची गिरणगावातली आवृत्ती इथे सापडते. करी रोडच्या पानवाल्याकडे पडलेल्या चिठ्ठ्या विभागातल्या बुकीकडे जात, त्याच्याकडून मोठ्या बुकीकडे, तिथून वर. एखाद्या आकड्यावर फार भार आला, तर छोटा बुकी तो अंगावर न घेता पुढे सरकवी. कुणा बाबाने अंक दिला, कुणाच्या स्वप्नात साप आला, गाजलेल्या सिनेमातल्या गाडीचा नंबर सगळ्यांच्या डोळ्यांत भरला, की एकाच आकड्यावर सगळा गाव तुटून पडे. म्हणजे पत्ते उघडण्याआधी वर बसलेल्याला ठाऊक होऊ शकत होतं की आज कोणता आकडा जड आहे आणि कोणता हलका. समोरच्याचे पत्ते पाहण्याहून ही मोठी दृष्टी आहे. हलका आकडा आणता आला तर दहा टक्क्यांची गरजच उरत नाही.

म्हणूनच न्यूयॉर्क गेल्यावर सगळा धंदा एका माणसाच्या शब्दावर आला. खत्रींचं नाव झालं ते पत्ते लोकांदेखत उघडतात म्हणून, आणि लागलेला आकडा चुकता करतात म्हणून. मला हे त्यांच्या चांगुलपणाचं लक्षण वाटत नाही, त्यांच्या अकलेचं वाटतं. प्रामाणिक कॅटवर दहा टक्के दररोज, वर्षानुवर्षं मिळत असताना एका रात्रीच्या हलक्या आकड्यासाठी विश्वास घालवणारा माणूस मूर्खच म्हणायचा. पेगॅससला लबाडी करावी लागते कारण तो स्वतः डावावर बसतो आणि हरू शकतो. मटक्याचा मालक लबाडी न करताही हरत नाही. खलनायकाला सचोटी परवडावी, हा प्रकार मालिका लिहिणाऱ्यांना सुचला नसता.

तुलनेसाठी दुसरी एक जपानी कथा घ्यायची तर नोबुयुकी फुकुमोतो यांची ‘काइजी’. ती गिरणगावाच्या जास्त जवळची आहे, कारण तिथे माणसं कर्जापायी खेळतात. त्यातला ‘ई-कार्ड’ हा डाव सम्राट, नागरिक आणि गुलाम अशा पत्त्यांचा. गुलामाच्या बाजूने जिंकणं अवघड, म्हणून त्याला पाचपट मोबदला. सावकारी कंपनीचा तोनेगावा समोरच्याच्या कानात यंत्र बसवून त्याची नाडी वाचतो. त्यालाही डोळा लागतोच. पण त्या कंपनीचं खरं उत्पन्न डावातून येत नाही, व्याजातून येतं. डिलाईल रोडला हे समजावून सांगावं लागत नसे. पठाणाचं व्याज, खानावळीची उधारी, कोकणात पाठवायची मनिऑर्डर आणि त्यातून वाचलेल्या रुपयाचा आकडा, या चारही गोष्टी एकाच पगारातून निघत. बायकांना आकड्याचा राग होता तो मनिऑर्डर आणि किराणा यांच्या बाजूने. आणि तरी कधीतरी एखादीच शेजारच्या पोराच्या हाती हळूच रुपया देऊन पाठवायची, हेही खरं.

रस्त्यावरच्या आकडेवाल्याला लोक खलनायक समजत नसत. तो ओळखीचा, अडीअडचणीला उधार देणारा, मंडळाला वर्गणी देणारा. पोलीस आले की त्यालाच पकडून नेत. वर बसलेल्याबद्दल तर दबकं कौतुक होतं. खत्री आणीबाणीत १९ महिने तुरुंगात होते. १९७५च्या ‘धर्मात्मा’मधली प्रेमनाथ यांची भूमिका त्यांच्यावर बेतलेली, असं सिनेमावाले सांगत आले. नव्वदीच्या सुरुवातीला ते धंद्यातून बाजूला झाले आणि मे २०२०मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी, मुंबईत वारले. अलीकडे नागराज मंजुळे यांनी ‘मटका किंग’ ही मालिका हाती घेतली. साठच्या दशकातला कापूस व्यापारी हा तिचा नायक आहे. पेगॅससला मालिकेत नायकपद मिळालं नाही, आपल्याकडच्या मालकाला मिळालं.

युगीने पेगॅससला हरवलं त्याची युक्ती सोपी आणि सुंदर आहे. युगीच्या शरीरात एका प्राचीन राजाचाही आत्मा असतो. दोघं दर चालीला अदलाबदल करतात, एकाने लावलेला पत्ता दुसऱ्याला ठाऊक नसतो, आणि सोन्याच्या डोळ्याला काय वाचावं तेच कळेनासं होतं. माहिती हे हत्यार असलेल्या शत्रूला माहितीच मिळू द्यायची नाही, हा उपाय डावात चालतो. मटक्यात तो चालत नाही, कारण तिथे तुमचा आकडा गुप्त ठेवून काही साधत नाही. भावातच दहा टक्के कापलेले आहेत. त्या खेळाविरुद्ध एकच चाल शिल्लक राहते, न खेळण्याची, आणि ती कुणा एकट्याने करून भागत नाही.

ती चाल परिस्थितीच करायला लावेल, असं वाटायची वेळ एकदा आली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. आश्चर्य असं की मटका त्यानेही लगेच बसला नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत महिन्याला ५०० कोटींची उलाढाल होती असं सांगितलं जातं. पगार बंद झालेला माणूस आकडा लावणं सोडत नाही, उलट त्याच्याकडे आशेचं दुसरं साधनच उरत नाही. धंद्याला खरा धक्का लागला १९९५च्या पोलीस कारवायांनी, तेव्हा बरेच अड्डे गुजरात-राजस्थानकडे सरकले. कल्याणजींचे चिरंजीव सुरेश भगत १३ जून २००८ रोजी अलिबाग-पेण रस्त्यावर ट्रकच्या धडकेत मारले गेले. तो अपघात नसून कट असल्याचं सिद्ध झालं आणि २०१३मध्ये न्यायालयाने त्यांची पत्नी आणि मुलगा यांच्यासह काही जणांना दोषी ठरवलं. वर्तमानपत्रांना अखेर चेहरा असलेले खलनायक मिळाले, पण ते वारशाच्या भांडणातले होते; पत्त्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता.

आज करी रोडच्या पुलावरून पश्चिमेला पाहिलं तर श्रीनिवास मिलच्या जागेवर उभा राहिलेला वर्ल्ड वनचा मनोरा दिसतो. आकडा मात्र गेलेला नाही, फोनमध्ये शिरला आहे. कल्याण हे नाव अजून चालतं. सोबत मिलन डे, राजधानी नाइट, टाइम बाजार अशी डझनावारी नावं. पत्ते कोण उघडतं, उघडतं की नाही, हे कुणालाच दिसत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. आकडा तर १८८७च्या त्या जुन्या कायद्यानेही बेकायदाच आहे. भाव मात्र सुधारलेला आहे: पुष्कळ ठिकाणी दहाला नव्वदऐवजी पंच्याण्णव देतात. कापणी निम्म्यावर आली, म्हणजे शंभराचे अर्धे व्हायला आता सातऐवजी चौदा फेऱ्या लागतात. खत्रींच्या काळात दिवसाला ओपन आणि क्लोज अशा दोनच फेऱ्या निघत, रविवारी सुट्टी. आता चौदा फेऱ्या दुपारच्या जेवणापासून रात्रीच्या शेवटच्या लोकलपर्यंत सहज होतात.